बाई, त्या एका आकड्यासाठी

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

प्रश्नमंजुषेत बक्षिसं मिळवत सुटलेला मी तुम्हाला आठवत असेन. राजधान्या, शोधांची सालं, नोबेलचे मानकरी, सगळं तोंडपाठ. एक ना धड भाराभर चिंध्या, पण तेव्हा त्याची ऐट होती. त्याच ऐटीत तुम्हाला ऐकवलं, "प्रकाशाचा वेग सेकंदाला 2,99,792 किलोमीटर." तुम्ही वह्या तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, "प्रकाशाला वेळ लागतो हे पहिल्यांदा कोणाला कळलं? कशावरून?"

दुसऱ्या दिवशी नाव आणलं: ओले रोमर, पॅरिसची वेधशाळा, 1676. "हे नाव झालं. कशावरून?"

त्या 'कशावरून'ने माझे तीन आठवडे खाल्ले. गुरूचा आयो हा चंद्र सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि दर फेरीत गुरूच्या सावलीत शिरतो. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की त्याची ग्रहणं हिशेबापेक्षा उशिरा दिसू लागतात, जवळ येताना लवकर. रोमरने ओळखलं की आयो वेळेवरच आहे, प्रकाशाची वाट लांबते आहे. पृथ्वीची कक्षा आरपार ओलांडायला त्याने 22 मिनिटं धरली. खरी साडेसोळाच्या किंचित वर लागतात. (किती सुंदर चूक!)

पण या ग्रहणांची वेळापत्रकं कोणी आणि कशाला करत बसलं होतं? रेखांश काढायला. जगात कुठूनही दिसणारं आकाशातलं घड्याळच ते. डुलत्या जहाजावर दुर्बीण स्थिर राहीना, म्हणून समुद्रात ते चाललं नाही. जमिनीवर मात्र त्याने नकाशे सुधारले. मी खणत होतो भौतिकशास्त्र आणि कुदळ लागली भूगोलाला. व्यासंग रुंद हवा की खोल, हा वाद माझ्यापुरता तिथेच मिटला. खाली गेल्यावर बांधच नसतात.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे राहिलेत. "आता हा वेग कसा मोजतात?" असं मी विचारल्यावर तुम्ही सरळ म्हणालात, "मला नक्की माहीत नाही, बघून सांगते." आणि दोन दिवसांनी खरंच सांगितलंत: 1983 पासून तो मोजायचाच नसतो, तो ठरवून दिलेला आहे, उलट मीटरची लांबी त्यावरून ठरते. विषय तुमचा, वर्ग तुमचा, तरी "माहीत नाही" म्हणताना आवाजात जराही संकोच नव्हता. मला ते जमायला बरीच वर्षं लागली.

त्यानंतरची अंतिम फेरी आम्ही हरलो. घंटा दाबायची सोडून मी प्रश्नाचाच विचार करत बसलो होतो. माझा जोडीदार अजून खार खाऊन आहे, त्यामुळे हे पत्र त्याच्या नजरेला पडू नये एवढीच इच्छा.

तुमचा विद्यार्थी