दत्ताला पत्र

नाशिक,
२२ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत निघताना तू विचारलंस, "तुझ्या नववीतल्या पोरांना वाचता येत नाही, की वाचायचंच नसतं?" तेव्हा गाडीची वेळ झाली होती. पण तो प्रश्न मनातून जाईना.

माझ्या वर्गात मखमलाबादकडचा एक मुलगा आहे. धडा वाचायला उभा केला की 'प्रतिष्ठा'सारख्या शब्दाशी अडतो, मागे खसखस पिकते, आणि तो मान खाली घालून बसतो. मी त्याला कच्चा समजत होतो. परवा त्यांच्या द्राक्षबागेत गेलो. पाऊस होऊन गेलेला, डावणीची, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाची धास्ती, वडील फवारणीच्या घाईत. आणि हा पोरगा औषधासोबतचा बारीक अक्षरांतला कागद त्यांना वाचून दाखवत होता. 'मॅन्कोझेब' एका दमात! अडला की मागे जायचा, पुन्हा वाचायचा, पाण्याचं प्रमाण बोटांवर मोजायचा. दत्ता, मला फार लाज वाटली. तिथे त्याच्या वाचण्यावर बाग अवलंबून होती, आणि हसायला कोणी नव्हतं. माझ्या तासाला नेमकं उलटं.

तरी सगळ्यांचंच असं नाही. काहींना खरंच येत नाही. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या जवळपास २५ टक्के मुलांना दुसरीचा मजकूरही आपल्या भाषेत सलग वाचता आला नव्हता. मी एकेकाला बाजूला बसवून वाचायला लावलं. माझ्या ४२ मुलांत असे नऊ निघाले. जोडाक्षरं खालच्या वर्गातच कच्ची राहिली आणि पुढे कोणी थांबलं नाही. अक्षरं जुळवण्यातच जीव जातो, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. अशा मुलाला गोडी लागणार कशी? आणि गोडी नाही म्हणून सराव नाही.

लोक मोबाईलला बोल लावतात. झोप आणि वेळ तो खातो, खरंच. पण आम्ही तरी त्यांच्या हातात काय देतो? गाईडमधली उत्तरं. ग्रंथालयाचं कपाट वर्षभर कुलपात, का, तर पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार. ज्या नाशकातून 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाच्या पुस्तकपेट्या वाचकांकडे कुठल्या कुठे पोचल्या, तिथे आमची पुस्तकं जिना चढून वर्गात येत नव्हती, हे मला सहन होईना.

शेवटी किल्ली मागून घेतली. पत्र्याच्या पेटीत चाळीस पुस्तकं भरून वर्गात ठेवलीत. शनिवारचा शेवटचा तास वाचनाचा. आवडलं नाही तर बदलायचं. प्रश्न नाहीत, सारांश नाही. त्या नऊ जणांना मधल्या सुट्टीत दहा मिनिटं घेतो. आधी मी वाचतो, मग तोच उतारा ते वाचतात, दोन-तीनदा, दार लावून. दुसऱ्यांदा वाचताना आवाज मोकळा होतो, तो बदल कानाला कळतो.

बागेतल्या त्या मुलासाठी मी शेतीचं पुस्तक मुद्दाम वर ठेवलं होतं. त्याने ते बाजूला सारलं आणि भुताच्या गोष्टी काढल्या. काल तास संपल्यावर दारात घुटमळला. "सर, घरी नेऊ का? अर्धंच झालंय."

तुझ्या मुलींची जुनी पुस्तकं माळ्यावर असतील, ती पाठव. भुताची असतील तर आधी.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापू