आजीचा वैल

कोल्हापूर,
२७ डिसेंबर

भावा,

दिवाळीत येताना तू आणलेला स्लो कुकर एकदाचा चालवला. पण आधी भांडण. अमेरिकेतली वस्तू इथं सरळ बोर्डात खुपसायची नसते, हे सांगायला काय झालं होतं रे तुला? खाली बारीक अक्षरात १२० व्होल्ट लिहिलंय, आपल्याकडं २३०. म्हणजे जवळजवळ पावणेचार पट ताप. धाकट्यानं वेळेवर वाचलं म्हणून वाचलो. मग त्यानं मित्राकडून स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर उचलून आणला. पाट्याएवढं जड धूड, पण काम झालं.

नाताळच्या सुट्टीत पोरांना हॉट चॉकलेट हवं होतं. मोबाईलवर बघून त्यांनी यादी काढली: दूध, क्रीम, मिल्कमेड, कोको, डार्क चॉकलेट. क्रीमवर मी काट मारली. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीच्या समोर उभं राहून धारोष्ण दूध प्यायलेला माणूस डबाबंद क्रीम विकत घेणार? तुझ्या वरच्या ओठावर फेसाची मिशी यायची आणि तू ती मुद्दाम पुसायचा नाहीस, आठवतंय का? तर दोन लिटर म्हशीचं दूध, तेही तापवून घेतलेलं. साय आईनं आधीच काढून घेतली होती, लोण्यापुढं तिला नातवंडंही दिसत नाहीत. तरी दाटपणाला काही कमी पडलं नाही.

पहिला घाणा बिघडला. कोको तसाच दुधात टाकला, तो वर तरंगत राहिला आणि त्याच्या गुठळ्या झाल्या. पिठल्याला बेसन कालवतो तसा आधी थोड्या कोमट दुधात साखरेबरोबर कालवायचा, हे आईनं बघितल्या बघितल्या सांगितलं. त्यात पोरं दर पाच मिनिटांनी झाकण उघडणार. या यंत्राचं सगळं काम कोंडलेल्या वाफेवर, झाकण उचललं की ताप गेलाच. तासाभरानं दूध नुसतं कोमट! कोल्हापूरच्या माणसाला दम धरायला सांगणं म्हणजे... जाऊ दे. दुसऱ्या वेळी झाकण माझ्या ताब्यात. वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा तळापासून ढवळायचं, नाहीतर चॉकलेट बुडाला बसतं. अडीच तासांत झालं. शेवटी जायफळ किसून घातलं आणि चिमूटभर मीठ.

गुळाचा प्रयोग मात्र माझ्या अंगाशी आला. गुऱ्हाळं सुरू आहेत, घरात ताजी ढेप, म्हटलं एका पातेल्यात साखरेऐवजी गूळ घालून बघू. उकळत्या दुधात पडला आणि दूध फाटलं. चॉकलेटचं पनीर! कुत्र्यानंही हुंगून तोंड फिरवलं.

संध्याकाळी वायल्डर मेमोरियल चर्चमधून परतलेल्या शेजारच्या मावशी फराळ घेऊन आल्या. करंज्या नेहमीसारख्याच खुसखुशीत. त्यांना पहिला कप दिला. दुसरा मागून घेतला त्यांनी.

पण खरी गंमत आजीची. दुपारभर ती खुर्ची ओढून कुकरसमोर बसली होती. आत काय चाललंय, आवाज का नाही, जाळ कुठाय, सगळं विचारून झालं. मी सांगितलं, मंद तापावर तासन् तास नुसतं ठेवायचं. ती म्हणाली, "मग वैलच म्हण की! चुलीवर भाकरी, वैलावर दूध, सांजच्यापर्यंत कोण बघतंय?" चुलीच्या बाजूचं ते मंद तापाचं तोंड, वैल! लेका, मी इतका वेळ इंग्रजी पुस्तिका वाचत होतो.

तेव्हा कुकर परत मागू नकोस, तो आता तिचा आहे. काल रात्री तिनं त्यात बासुंदीचं दूध ठेवलं. सकाळी बघतो तर थेंबभरही आटलेलं नाही, वाफ झाकणाला लागून परत खाली. ती माझ्याकडं असं बघायला लागली, जणू मीच पाणी घातलंय. आज झाकण काढून ठेवलंय, वर मलमलचं फडकं. आणि ट्रान्सफॉर्मरवाला मित्र दोनदा फोन करून गेलाय.

तुझाच,
भाऊ