धुळे पॅसेंजरच्या आप्पांना

आदरणीय आप्पा,

साष्टांग नमस्कार.

तुमच्या घरी आभार मानायला आलो की तुम्ही "चहा घे आधी" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

२०१८ च्या हिवाळ्यातली संध्याकाळ तुम्हाला आठवते का, माहीत नाही. त्याच सप्टेंबरात देशातल्या उरलेल्या ब्रॉडगेज मार्गांवर वीज नेण्याचा निर्णय झाला होता. आपली चाळीसगाव-धुळे लाइन तेव्हा डिझेलवर होती. मी पासवाला, नऊ वर्षं धुळे-चाळीसगाव अपडाउन करत होतो. जुना कॅमेरा हाती आला आणि वाटलं, वायरी येण्याआधी या गाडीचे फोटो काढून ठेवावेत. पण माझ्या फोटोंत फक्त इंजिनाचं तोंड असायचं. पंचवीस-तीस फोटो, सगळे सारखे. वर एका स्टेशनवर मला हटकून, कार्ड कोरं करायला लावून परत पाठवलं होतं. हा नाद सोडायच्या बेतात होतो.

धुळ्याला गाडीतून उतरून गर्दीबरोबर फाटकाकडे निघालो होतो. तुम्ही, या गाडीचे जुने गार्ड, नातवाला घेऊन बाकावर बसला होतात. माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून म्हणालात, "पळस कथा? गाडी आते सुरू व्हस." (कुठं पळतोस? गाडी तर आत्ता सुरू होते.)

आणि खरंच, नऊ वर्षांत मी एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. आम्ही पासवाले घराकडे धावायचो आणि आमच्या पाठीमागं गाडीचं खरं काम सुरू व्हायचं. धुळ्यात रूळ संपतात, त्यामुळं इंजिन सोडवून, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचं. पॉइंट्समन इंजिन आणि डब्याच्या मधे वाकून शिरतो, दोघांना जोडणाऱ्या कपलिंगचा आटा फिरवतो, ब्रेकचे पाइप सोडतो. पुन्हा जोडणी झाली की पाइपात दाब भरतो, तो पाच किलोच्या आसपास आल्याचं गार्ड आपल्या डब्यातल्या काट्यावर बघतो, मगच गाडी निघायला तयार. तुम्ही हे सगळं एकेक करून सांगितलंत, नातवाला सांगावं तसं.

मग ती एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची पाटी. शेवटच्या डब्यामागं लावलेली ती पाटी मी हजारदा पाहिली असेल, पण तिचा अर्थ तुम्हीच सांगितलात. गाडी स्टेशनातून गेली आणि मागं पाटी दिसली, म्हणजे सगळे डबे आले, वाटेत काही तुटून राहिलं नाही. धुळ्यात शेवटचा डबा पहिला होतो, म्हणून पाटीही काढून दुसऱ्या टोकाला न्यायची. तिन्हीसांजेला ती पाटी काखेत घेऊन रिकाम्या फलाटावरून चालत जाणारा माणूस: तो फोटो मला तुमच्यामुळं मिळाला. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच आहे, असं मला आजही वाटतं.

पण तो त्या दिवशी नाही मिळाला. त्या दिवशी तुम्ही कॅमेरा पिशवीत ठेवायला लावलात आणि आधी स्टेशन मास्तरांकडे नेलंत. "परवानगी मागून काढशीन तं कोणी हटकणार नही," म्हणालात. मी कुठं उभा राहणार, रुळात उतरणार नाही, हे तुम्ही माझ्या वतीनं तिथं सांगितलंत. तुमचा शब्द मोडू नये म्हणून मी पिवळ्या रेषेच्या आतच राहिलो. पुढं वायरी आल्यावर तुम्ही मुद्दाम फोन केलात, की वर पंचवीस हजार व्होल्ट आहेत, कॅमेऱ्याची काठी उंच करू नको. असा फोन घरचं माणूसच करतं.

जामद्याजवळच्या गिरणेच्या पुलासाठी आपण तुमच्या स्कूटरवर गेलो होतो. लाइन साधारण दक्षिणोत्तर, म्हणून सकाळी पूर्वेच्या बाजूनं उभं राहायचं, तरच निळ्या डब्यांवर ऊन पडतं. हे मी पुस्तकात शोधत बसलो असतो. तुम्हाला ठाऊक होतं, कारण इतकी वर्षं डब्याच्या कोणत्या खिडक्या तापतात ते तुम्ही बघत आला होतात.

डब्यांच्या आतही तुम्हीच नेलंत. खिडकीच्या गजांवर दूधवाल्यांनी कॅन अडकवून झिजवलेल्या जागा दाखवल्यात. दाराजवळचा, हातांनी गुळगुळीत झालेला दांडा दाखवलात. कळण्याची भाकर आणि ठेचा कोणत्या कोपऱ्यात उघडला जायचा, कानबाईच्या रोटांच्या सणाला गावी निघालेली माणसं सामान कुठं कोंबायची, तेही. या जुन्या घडणीचे, आयसीएफचे (इंटिग्रल कोच फॅक्टरीचे) डबे चेन्नईत पेरांबूरला बनायचे १९५५ पासून, आणि शेवटचा तिथून बाहेर पडला जानेवारी २०१८ मध्ये. म्हणजे आपण फोटो काढायला लागलो तेव्हा तसा नवा डबा बनणं थांबलंच होतं. "वायरी येवाना पहिले काढी ले," एवढंच तुम्ही म्हणायचात.

२२ मार्च २०२० च्या रात्रीपासून देशभरच्या पॅसेंजर गाड्या थांबल्या. आपली पॅसेंजरही थांबली. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्या जागी मेमू, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली विजेची गाडी आली. मेमू चांगली आहे, हे मनापासून सांगतो. चटकन वेग घेते आणि दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्यानं इंजिन फिरवायची गरजच नाही. पण त्यामुळं धुळ्याच्या फलाटावरचा तो पाऊण तास गेला. तुमच्या हुद्द्याचं नावही गेलं, २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. आता बोरविहीर-नरडाणा लाइन होतेय. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या लाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीही धुळ्यावरून जाणार. धुळ्याहून पुढं रूळ जातील, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. ते व्हावं, आणि तुम्ही ते बघावं, अशी फार इच्छा आहे.

तुमच्याशिवाय माझ्याकडं इंजिनाच्या तोंडाचे तीस फोटो राहिले असते. आता एकशे चाळीस आहेत, आणि प्रत्येकात माणूस आहे. तुम्ही दिलेल्या वेळेचे, त्या चहाचे आणि माझ्यासाठी टाकलेल्या शब्दाचे मनापासून आभार, आप्पा.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं वहिनींकडून कळलं. डॉक्टर हो म्हणाले की येत्या रविवारी मोठे प्रिंट घेऊन येतो. मागं पेन्सिलीनं नंबर घातलेत. सतरा नंबरच्या फोटोत कपलिंग सोडणाऱ्या पॉइंट्समनचं फक्त अर्धं तोंड दिसतंय. ते कोण, हे तुम्हालाच ओळखता येईल. त्यांनाही एक प्रिंट पोचवायची आहे.

तुमचा,
पासवाला