पोलिसांच्या चार जुन्या गाड्या युक्रेनला पोहोचवायच्या आहेत : मंडळाच्या सभासदांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या मंडळाच्या ताब्यात चार गाड्या आल्या. दोन स्कोडा ऑक्टाव्हिया, एक फोर्ड रेंजर आणि एक फोर्ड ट्रान्झिट. परवा-परवापर्यंत या गाड्या इथल्याच, म्हणजे ब्रिटनमधल्या आपल्या परगण्याच्या पोलिसांकडे होत्या. सेवेतून काढलेल्या गाड्या एरवी लिलावात जातात, या चार मात्र युक्रेनच्या पोलिसांना दान द्यायचं ठरलं आहे. गाड्या फुकट मिळाल्या आहेत. त्या ठाकठीक करून, कागदपत्रं पुरी करून, पोलंड-युक्रेन सीमेपर्यंत नेऊन देण्याचं काम मंडळाने अंगावर घेतलं आहे. त्यासाठी अजून 3,300 पौंड कमी पडत आहेत आणि चार चालक हवे आहेत. म्हणून हे पत्र.

रविवारी सभागृहामागच्या पार्किंगमध्ये मी या गाड्या पहिल्यांदा नीट पाहिल्या. निळ्या-पिवळ्या चौकटींच्या चमकत्या पट्ट्या पोलिसांनी काढून टाकल्यात, पण ऊन तिरपं पडलं की दारांवर त्या चौकटींची फिकट छाया अजून दिसते. छतावर जिथे निळे दिवे होते तिथली भोकं रबराच्या बुचांनी बंद केली आहेत. वायरलेस काढल्यामुळे डॅशबोर्डवर चौकोनी पोकळी राहिली आहे. बाकी गाडी जिथल्या तिथे. पोलिसांची गाडी तासन् तास उभ्या जागी इंजिन चालू ठेवून असते, त्यामुळे मीटरवरचे मैल दिसतात त्याहून इंजिन जास्त चाललेलं असतं, हे खरं आहे. पण तिची देखभालही तितकीच काटेकोर होते. आपल्यापैकी किती जण तेल वेळेवर बदलतात? या चार गाड्यांची सर्व्हिसिंगची वही पाहून आपले गॅरेजवाले दादा म्हणाले, ‘‘टायर, ब्रेक पॅड आणि एका गाडीचा टायमिंग बेल्ट बदलला, तर या अजून पाच वर्षं कुठे जात नाहीत.’’

या गाड्या तिकडे जाऊन काय करणार, हे आधी सांगते, कारण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने विचारला.

युक्रेनच्या पोलिसांची काही पथकं 2022पासून एकच काम करतात : आघाडीजवळच्या गावांतून सामान्य माणसांना बाहेर काढायचं. लोक त्यांना ‘बिली यांहोल’ म्हणतात, म्हणजे पांढरा देवदूत. अवदीव्का नावाचं गाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. युद्धाआधी तिथे 30 हजारांवर वस्ती होती. 2024च्या फेब्रुवारीत ते रशियाच्या ताब्यात गेलं, तोवर तिथे हजाराच्या आसपास माणसं उरली होती, बहुतेक म्हातारी आणि बहुतेक तळघरांत राहणारी. ही पथकं तिथे पाव, पाणी, औषधं घेऊन जायची आणि परतताना जो यायला तयार असेल त्याला घेऊन यायची. 2023च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारने लढाईच्या पट्ट्यातून लहान मुलांना पालकांसह सक्तीने हलवण्याचा नियम केला, तेव्हापासून घरोघरी जाऊन आई-बापांची समजूत घालायचं कामही पोलिसांकडेच आलं. अवदीव्का गेलं, पण काम संपलं नाही. पोक्रोव्स्क, कोस्त्यान्तिनिव्का अशी एकेक गावं त्या यादीत येत गेली.

आपल्या गाड्या चिलखती नाहीत, हे स्पष्ट सांगते. अगदी पुढच्या टापूत चिलखती गाडी जाते. ती माणसांना थोड्या मागच्या, जरा सुरक्षित ठिकाणी आणून सोडते. तिथून निवारा केंद्रापर्यंत, रेल्वेपर्यंत, दवाखान्यापर्यंत न्यायला साध्या गाड्या लागतात आणि त्या कायम कमी पडतात. रस्ते फुटलेले, सस्पेन्शन टिकत नाही. ड्रोनच्या हल्ल्यात गाड्या जळतात. एकदा हल्ला झाला, मदतीला गाड्या धावल्या, की त्याच जागी पुन्हा मारा होतो, हे तिथे वारंवार घडलं आहे. पूर्वेकडच्या ज्या प्रांताच्या पोलिसांनी आपल्याला मागणीपत्र पाठवलं, त्यांनी डिझेल, मॅन्युअल गिअर आणि शक्य तर चारही चाकं ओढणाऱ्या गाड्या मागितल्या. स्कोडा चालेल का विचारलं तर लगेच हो म्हणाले. झाकारपात्त्या भागात स्कोडाच्या गाड्या वर्षानुवर्षं जोडल्या जायच्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि कुठल्याही गॅरेजात त्या गाडीला हात लावणारा माणूस सापडतो.

स्टिअरिंग उजवीकडे आणि रस्ता उजव्या बाजूने चालायचा, ही अडचण आहेच. ती ते निभावून नेतात. इथून गेलेल्या कितीतरी गाड्या तिथे अशाच चालताहेत. लंडनमध्ये 2024 साली, यूलेझच्या, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काच्या, रोजच्या साडेबारा पौंडांपायी लोक जुन्या डिझेल गाड्या भंगारात काढत होते, तेव्हा महापौरांनी त्या युक्रेनला देण्याचीही सोय केली होती, हे अनेकांना आठवत असेल.

कार्यकारिणीच्या बैठकीत यावर दोन तास चर्चा झाली आणि ती सगळी गोड नव्हती. तिथे निघालेले प्रश्न इथेही मांडते.

पहिला प्रश्न : या गाड्या महाराष्ट्रात का नाही पाठवायच्या? आपल्याकडे काय कमी गरज आहे? गरज आहेच. पण भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि वर जकात इतकी की त्यात नवी गाडी येईल. 2019च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात आणि 2021ला चिपळूण बुडालं तेव्हा आपण पैसे पाठवले, पुढेही पाठवू. त्या निधीला आणि या निधीला एकमेकांचा हात लागणार नाही, दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत.

दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता. 2022च्या फेब्रुवारीत आपली हजारो मुलं तिथल्या मेडिकल कॉलेजांत अडकली होती. सीमेवर त्यांना मागे ढकललं गेलं, थंडीत रात्र-रात्र उभं ठेवलं गेलं. आपल्याच मंडळातल्या एका ताईंचा भाचा विनित्स्यात शिकत होता. शेह्यनीच्या सीमेपर्यंतचे शेवटचे 30 किलोमीटर तो पाठीवर सॅक घेऊन चालला. खार्किव्हमध्ये कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी किराणा आणायला गेला तो परत आलाच नाही. हे आम्ही कुणीच विसरलेलो नाही. बैठकीत त्या ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘त्याला रांगेतून मागे ढकलणारेही होते, आणि रात्री शाळेच्या हॉलमध्ये गादी टाकून देणारी बाईही होती. मला ती बाई लक्षात ठेवायची आहे.’’ त्यांनी त्याच बैठकीत पहिले 200 पौंड दिले.

तिसरा मुद्दा : आपण लढाईत पडतोय का? नाही. मागणीपत्र पोलिसांचं आहे, गाड्या पोलिसांच्याच नावावर चढणार, आणि सैन्याला द्यायच्या असत्या तर मंडळ यात पडलंच नसतं. ज्यांना हेही पटत नाही त्यांच्या मताचा आदर आहे. त्यांनी या निधीत काही दिलं नाही म्हणून कुणाच्याही मनात किंतु येणार नाही.

मी स्वतः यात का पडले तेही सांगते. मी कोल्हापूरची. माझं आजोळ उचगावचं, म्हणजे वळिवड्याच्या शेजारचं. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे 5 हजार माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त. पंचगंगेच्या काठी त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. पणजोबा छावणीत दूध घालायचे. पोलिश बायका मोडक्या मराठीत भाव करायच्या आणि शेवटी ‘‘बास, बास’’ म्हणून हसायच्या, हे आजीने मला इतक्यांदा सांगितलंय की ते मी स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. आज त्या जागी गांधीनगर आहे. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

आता यातली जी गोष्ट मला या कामात पडल्यावर कळली, ती अशी. वळिवड्याला आलेली पुष्कळ कुटुंबं मुळात पोलंडच्या तेव्हाच्या पूर्व भागातली होती. 1940च्या सुमारास त्यांना सैबेरियाकडे हाकललं गेलं, तिथून इराण, कराची करत ती आपल्याकडे आली. त्या पूर्व भागातलं मोठं शहर म्हणजे ल्वूफ. आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह. आपल्या गाड्या सीमेवरून पहिल्यांदा जाणार आहेत त्या तिथेच. आजीला हे सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

आता पैशांचं. एका गाडीला साधारण 1,300 पौंड लागतात. चार टायरांचे 360, दुरुस्ती आणि सर्व्हिसिंगचे 350, डिझेलचे 260, फोकस्टन-कॅले बोगद्याचे 130, आणि विमा, कस्टम, लॉगबुकमधली निर्यातीची नोंद या सगळ्याचे मिळून 200. चार गाड्यांचे 5,200. दिवाळीच्या फराळाच्या स्टॉलमधून 1,900 जमले (ताईंचे 200 त्यातच धरले आहेत), राहिले 3,300. गॅरेजवाले दादा मजुरी घेत नाहीत, वर लिहिलेत ते फक्त सामानाचे. चालक परतीचं विमान स्वतःच्या खिशातून काढतात. देणगी मंडळाच्या नेहमीच्या खात्यात भरा आणि संदर्भात ‘गाडी’ एवढंच लिहा. इथे कर भरत असाल तर गिफ्ट एडचा फॉर्म कृपया भराच. तुमच्या प्रत्येक पौंडामागे मंडळाला सरकारकडून 25 पेन्स जादा मिळतात आणि तुमच्या खिशाला त्याची झळ नाही. मागच्या वेळी निम्म्या लोकांनी तो फॉर्म भरला नव्हता. भारतातल्या नातेवाइकांकडून मात्र पैसे मागवू नका, त्यात कागदांची गुंतागुंत आहे.

5 पौंड दिलेत तरी चालतील. 90 पौंड म्हणजे एक टायर. ज्यांना असा हिशेब आवडतो त्यांनी एका टायरचं नाव आपल्या मुलांना सांगायला हरकत नाही. एका घरातल्या दोन भावंडांनी वाढदिवसाचे पैसे साठवून ट्रान्झिटचा पुढचा डावा टायर ‘घेतला’ आहे.

चालकांसाठी थोडं सविस्तर. एका गाडीत दोघं, म्हणजे आठ लागतात, चार ठरले आहेत. वय किमान 25, लायसन्स इथलं हवं. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागेल, तो आधीच हातात असेल तरच नाव द्या. लंडनपासून ल्विव्ह जवळपास 2 हजार किलोमीटर आहे. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, पोलंड असा रस्ता. पहिली रात्र जर्मनीत, दुसरी पोलंडमध्ये. उजव्या स्टिअरिंगवरून समोरचा ट्रक ओलांडताना चालकाला पुढचं काही दिसत नाही, म्हणून डावीकडे बसलेल्याने डोळे व्हायचं, त्याने झोपायचं नाही. पोलंडमध्ये भर दिवसाही दिवे लावावे लागतात. हेडलाइटवर लावायच्या पट्ट्या, यूकेचा स्टिकर, त्रिकोण आणि चमकती जाकिटं मंडळ देईल. आपले चालक सीमा ओलांडणार नाहीत, यावर कार्यकारिणी ठाम आहे. इथल्या सरकारचा प्रवासाचा सल्ला तसा आहे आणि विमाही पलीकडे टिकत नाही. सीमेजवळच्या पोलंडमधल्या प्शेमिशलला तिकडची माणसं येतील, चाव्या आणि कागद घेतील. परतीचं विमान झेशुफहून. ऑपरेशन गंगाच्या वेळी आपली कितीतरी मुलं याच विमानतळावरून दिल्लीला गेली.

कागदांबद्दल एवढा आग्रह का, तेही ऐका. गेल्या शरद ऋतूत आपण एक गाडी दिली होती. मागणीपत्रात चॅसी नंबरचा एक आकडा चुकला होता, आठाऐवजी तीन. तेवढ्यावरून ती गाडी सीमेवर 26 तास अडकली. आपले दोघे तिथेच बसून राहिले, डब्यातल्या दशम्या आणि पेट्रोल पंपावरची कॉफी यांवर. चूक आमचीच होती, कागद वाचून घेतला नव्हता. या वेळी प्रत्येक नंबर तीन जणांनी, गाडीचं बॉनेट उघडून, बोटाने एकेक आकडा दाखवत वाचला आहे.

गाड्या रिकाम्या जाणार नाहीत. घडीच्या व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, जाड ब्लँकेट, मोठ्या माणसांचे डायपर आणि हातात धरायच्या बॅटऱ्या एवढंच आणून द्या. म्हाताऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरून उतरवताना व्हीलचेअर नसेल तर पोलीस त्याला चादरीत उचलून आणतात. औषधं, कपडे आणि खाऊ कृपया नको. यादीत नसलेली एक पिशवी निघाली तरी सगळी गाडी उतरवावी लागते. वस्तू पुढच्या दोन शनिवारी सकाळी 10 ते 1 सभागृहात घेतल्या जातील, यादी करायला दोन जण हवे आहेत.

गाड्या महिनाअखेरीच्या शुक्रवारी पहाटे 4 वाजता सभागृहामागूनच निघतील. चालकांसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मी करते आहे. चहाचे थर्मास कुणी आणणार असेल तर व्हॉट्सॲप गटावर कळवा, आठ माणसांना पुरेल एवढा.

आपली,
सचिव, मंडळाच्या कार्यकारिणीच्या वतीने