चाळणीत उरलेला कोंडा

परळ, मुंबई

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

शौचाच्या वेळी तुला तीन महिन्यांपासून रक्त पडते आणि तू मेडिकलमधले मलम लावून दिवस काढतो आहेस, हे काल मृणालने फोनवर सांगितले तेव्हा मला कळले. बोलताना माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतोस, म्हणून हे लिहिते आहे.

तू जेवण सुधारायला घेतले आहेस, याचा मला आनंद आहे. मात्र एकाच आठवड्यात सॅलड, कोंड्याची बिस्किटे आणि इसबगोल असे सगळे सुरू केलेस, म्हणून पोट फुगले. जेवणातला चोथा थोडा थोडा वाढवावा लागतो आणि त्याबरोबर पाणीही वाढवावे लागते. पुरेशा पाण्याविना घेतलेला इसबगोल आतच फुगून अडकू शकतो. विरारहून निघाल्यावर वाटेत कुठे जावे लागू नये म्हणून तू सकाळी पाणीच पीत नाहीस, हे मला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये मोठ्या माणसासाठी रोज किमान 25 ग्रॅम तंतू, म्हणजे हाच चोथा, सांगितले आहेत आणि आपल्या चिऊच्या वयाला, म्हणजे सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना, 21 ग्रॅम. सकाळी पाव-बटर, दुपारी पांढरा भात आणि स्टेशनवर वडापाव, एवढ्यावर ते भरत नाहीत. ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा चवळीची उसळ, गवार आणि बियांसकट पेरू, एवढे रोजच्या जेवणात आले तरी पुष्कळ फरक पडेल.

मागच्या रविवारी तुमच्याकडे पोळ्या करताना चाळणीत मूठभर तांबूस कोंडा उरला होता. मृणाल तो टाकायला निघाली, तेव्हा मी तिच्या हातून घेऊन परत कणकेत मिसळला. तिला बोल लावत नाही; पोळी मऊ व्हावी म्हणून पीठ बारीक चाळायला तिला मीच शिकवले होते.

पण कोंडा मिसळला म्हणून डॉक्टरांकडे जाणे टळत नाही. अण्णासुद्धा मूळव्याधच आहे म्हणाले होते.

हे लिहायचे नाही असे ठरवले होते. क्षमा कर.

चाळीतली सकाळ मला फार आठवते. मजल्याच्या टोकाला चार संडास होते, आणि सात वर्षांचा तू टमरेल घेऊन रांगेत मोठ्यांना पुढे जाऊ देत मागे सरकायचास आणि शाळेला उशीर होईल म्हणून तसाच परत यायचास. थांबवून धरले की आतडे मळातले पाणी शोषत राहते आणि तो खड्यासारखा घट्ट होतो, हे तेव्हा मला ठाऊक असते, तर रांगेत तुझ्याशेजारी मी उभी राहिले असते. पुढे त्याच मुलाने स्वतःच्या कमाईने फ्लॅट घेतला आणि पहिल्याच दिवशी मला हाताला धरून दोन्ही संडासांची दारे उघडून दाखवली. त्या रात्री मी देवापुढे साखर ठेवली, हे तुला कधी सांगितले नव्हते. आता दार लावून घेणारे घर आहे, तरी तू घाईत तसाच निघतोस, असे मृणाल म्हणते. सकाळी दहा मिनिटे स्वतःसाठी ठेव, कळ आली की थोपवू नकोस आणि जोर लावत बसू नकोस.

पुन्हा उपदेशच झाला. तू आता अडतीस वर्षांचा आहेस, हे मी विसरते. तरीही सांगते, चोथ्याने मळ मऊ होईल, मूळव्याध असली तर तीही कदाचित नरम पडेल; पण रक्त कशामुळे येते हे उसळ खाऊन कळत नाही. डॉक्टरांना अण्णांचे सगळे सांग आणि ते दुर्बिणीने तपासू म्हणाले तर नाही म्हणू नकोस.

आज रात्री मटकी भिजत घालते आहे. परवा मोड येतील, तेव्हा उसळ आणि भाकरीचा डबा घेऊन सकाळी दादरला पुलाखाली उभी राहीन. त्याआधी डॉक्टरांची वेळ घेऊन मला कळव. तुला चालत असेल तर मीही येईन आणि बाहेर बाकावर बसेन.

तुझी,
आई