बाबांच्या वर्गणीच्या वहीबद्दल

मुंबई, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "पस्तिशीला आल्यावर बँकेतली कायमची नोकरी सोडून पुरा-भूकंपाचं शिक्षण घ्यायचं? याची कधी पदवी असते का?" तेव्हा माझ्या घशाशी आलं आणि मी विषय बदलला. आज वसतिगृहात शांतता आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. बाबा, सावकाश वाचा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

पदवी असते. अमेरिकेत नॉर्थ टेक्सास विद्यापीठाने आपत्ती-व्यवस्थापन या विषयातली पहिली पदवी १९८३ सालीच सुरू केली. आपल्याकडे उशीर झाला, पण गुजरात त्यात मागे नव्हता. २६ जानेवारी २००१ आठवते ना? सकाळचे पावणेनऊ, मी झेंडावंदनाला शाळेत, आणि तुम्ही स्कूटर तशीच रस्त्यात टाकून मला न्यायला धावत आला होता. त्या भुजच्या भूकंपानंतर गुजरातने २००३ साली स्वतःचा आपत्ती-व्यवस्थापन कायदा केला. देशाचा कायदा त्यानंतर दोन वर्षांनी, २००५ साली आला. त्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरच्या हाताखाली एक प्राधिकरण उभं केलं. ते चालवायला शिकलेली माणसं लागतात. आई, तुझ्या "पण नोकरी मिळेल का?" याचं निम्मं उत्तर त्यात आहे. उरलेलं बडोद्यातल्या आपल्या घराजवळच आहे. नंदेसरीसारख्या ठिकाणी घातक रसायनांचे मोठे साठे करणाऱ्या कारखान्यांना आणीबाणीचा आराखडा करणं आणि त्याची रंगीत तालीम घेणं १९८९ च्या नियमांनी बंधनकारक आहे. भोपाळ झालं म्हणून ते नियम आले. फीची काळजी करू नका, माझी बचत पुरते.

पण मी नोकरीचा हिशेब करून इथे आलेली नाही. ऑगस्ट २०२४ मुळे आले.

त्या गोकुळाष्टमीला मी पुण्यात होते. बडोद्यात काळा घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, आणि दुसऱ्या दिवशी पाणी ३५ च्या वर गेलेलं. आईचा शेवटचा फोन आला, "ओट्यावर आलंय गं," आणि मग दोन दिवस दोघांचेही फोन बंद. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता. मी मिळेल तो नंबर फिरवत होते. एका ठिकाणी फोन लागला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "सोसायटीत चालता न येणारे किती जण आहेत?" मला फक्त बाबा माहीत होते. त्याच्याकडे तर तेवढंही नव्हतं. तो माणूस उद्धट नव्हता, थकलेला होता. त्याच्यापुढच्या कागदावर आपली गल्ली होती, माणसं नव्हती. वरच्या मजल्यावरच्या पटेलकाकांच्या मुलांनी बाबांना खुर्चीसकट उचलून नेलं नसतं तर, हा विचार अजून मला रात्री उठवतो.

इथे आल्यावर कळलं की तो प्रश्न अगदी बरोबर होता, फक्त तो विचारायची वेळ चुकली होती. पावागडाकडे पडलेलं पाणी आणि आजव्याच्या धरणातून सोडलेलं पाणी आपल्यापर्यंत पोचायला वेळ घेतं. म्हणून तर पाऊस ओसरला तरी नदी चढत राहते आणि माणसं फसतात. पण तेवढेच तास आपल्या हातात असतात. त्यात कुणाला आधी हलवायचं, हे आधीच ठरलेलं असेल तरच ते तास कामी येतात.

आमच्या अभ्यासाचा मोठा भाग हाच आहे. बोटी, दोर, ढिगारा कापणं ही कामं बडोद्याजवळ जरोदला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, बटालियन आहे त्या जवानांची. ती त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगली येतात. आम्ही शिकतो ते संकटाच्या आधीचं आणि नंतरचं. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली. २०१३ साली फायलिन आलं, तेही भयंकर, पण त्याआधी जवळजवळ १० लाख लोकांना हलवलं होतं आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, इशारा गावापर्यंत पोचवणारी माणसं तयार झाली, तालमी झाल्या. त्या चौदा वर्षांवर मी इथे सर्वांत जास्त वाचते आहे. उलट किल्लारी बघा. १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र सरलेली, पहाटे चारच्या सुमारास लोक गाढ झोपेत, आणि दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. तेवढाच भूकंप नीट बांधलेल्या घरांच्या गावात झाला असता तर इतकी माणसं गेली नसती.

गेल्या महिन्यात वर्गात पुराचा सराव झाला. टेबलावर शहराचा नकाशा, दर दहा मिनिटांनी नवी चिठ्ठी. मी प्रमुख होते. एका प्रमुखाने सगळ्यांना एकटीने हुकूम सोडायचे नसतात. त्याच्या हाताखाली साधारण पाच जण, त्यांच्या हाताखाली पुन्हा पाच, अशी रचना असते. कॅलिफोर्नियातल्या वणव्यांमधल्या गोंधळातून १९७० च्या दशकात ती तयार झाली. ते मला जमलं. बोटी वेळेवर पाठवल्या. शेवटी सरांनी एकच विचारलं, "ज्यांना बोटीपर्यंत चालत येता येत नाही, ते कुठे आहेत?" मी विचारलंच नव्हतं. मी, बाबा. खोलीवर येऊन खूप रडले. त्या दिवसापासून कुठलाही आराखडा हातात आला की मी आधी तेवढंच शोधते.

आता तुमच्याकडे एक काम आहे. गणपतीच्या वर्गणीची तुमची ती लाल वही. सोसायटीतल्या चोवीस घरांत कोण राहतं, कुणाची मुलं परदेशी आहेत, कुणाकडे किल्ली ठेवलेली असते, हे तुमच्याइतकं कुठल्याही कचेरीला माहीत नाही. या वर्षी वर्गणीला जाल तेव्हा त्याच पानावर आणखी तीन रकाने आखा: जिना चढता येतो का, फ्रिजमधलं औषध कुठलं, आणि वरच्या मजल्यावर कुणाकडे जाणार. आई, इन्सुलिनचा रकाना तू भर. त्या वेळी वीज गेली आणि तुझं इन्सुलिन वाया गेलं, हे तू मला आठ दिवसांनी सांगितलंस. आजारपण लिहून द्यायला कुणी संकोचेल, त्यांना आग्रह करू नका, पण शेजारच्या एकाला तरी माहीत असू द्या. एक प्रत पटेलकाकांकडे ठेवा. ते घर वर आहे.

मे महिन्यात पंधरा दिवस सुटी आहे, तेव्हा येते. तोवर गणपतीची वाट बघू नका, शेजारच्या चार घरांपासून सुरुवात करा. देव्हारा आणि कागदपत्रांची पेटी आपण वरच्या फळीवर हलवू. आई, फळीचं माप घेऊन ठेव.

तुमची,
मनू