सैंधव, जवस आणि थायरॉइडची गोळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सकाळच्या पेपरच्या घडीतून हल्ली ‘हार्मोन्सचा नैसर्गिक समतोल’ शिकवणारी पत्रके पडतात. त्यांतले सल्ले थोड्याफार फरकाने तेच असतात: पाकिटातले मीठ सोडा आणि सैंधव वापरा, धन्याचे पाणी प्या आणि थायरॉइडची गोळी हळूहळू बंद करा, सोबत आमची पावडर घ्या. स्वयंपाकघरातून हार्मोन्सना मदत होते, यात वाद नाही. पण किती, कधी आणि कशासोबत, हे पत्रकात कधीच नसते.

आधी मीठ. थायरॉइड ग्रंथी बनवते त्या थायरॉक्सिन या हार्मोनच्या प्रत्येक रेणूत आयोडिनचे चार अणू असतात, म्हणजे आयोडिन नाही तर हार्मोन नाही. प्रौढ माणसाला रोज साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडिन लागते, गरोदर बाईला 250. आयोडिनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पोचताना निदान 15 पीपीएम, म्हणजे ग्रॅममागे 15 मायक्रोग्रॅम आयोडिन असावे लागते. सैंधवात ते नगण्य असते. त्याचा गुलाबी रंग लोहाचा, आणि तेही इतके थोडे की रक्त वाढवायच्या कामाचे नाही. त्यात आपण नागपूरकर समुद्रापासून दूर. आपल्याकडचे तलावातले मासे आयोडिनच्या बाबतीत समुद्राच्या मासळीची बरोबरी करत नाहीत. दुधा-अंड्यातून थोडे मिळते, पण घरात दूध कमी आणि मीठ फक्त सैंधव असेल तर तूट पडणारच. देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम 1962 साली सुरू झाला आणि 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडिनचे मीठ विकण्यावर बंदी आहे, ती याच कारणाने.

चतुर्थी-एकादशीला सैंधव खाल्ल्याने काही बिघडत नाही. रोजच्या भाजीत मात्र पाकिटावर हसरा सूर्य असलेलेच मीठ घाला. तेही शेगडीशेजारच्या उघड्या वाटीत ठेवू नका. वाफ लागून मीठ ओलसर झाले की त्यातले आयोडिन कमी होत जाते. घट्ट झाकणाची बरणी, कोरडा चमचा, आणि मीठ भाजी शिजत आल्यावर. उलट टोकही वाईटच. समुद्री शेवाळाच्या आयोडिनवाल्या गोळ्या मनाने घेतल्या तर थायरॉइड आणखी बिघडू शकते.

आता गोळी. ती थायरॉक्सिनच आहे, शरीर जे बनवत नाही तेच बाहेरून दिलेले. धन्याचे पाणी खुशाल प्या, पण त्यात हे हार्मोन नाही. गोळी सोडल्यावर पहिले आठ-दहा दिवस काहीच जाणवत नाही, कारण रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. ‘बंद केली तरी बरे वाटते’ या अनुभवाचे मूळ इथे आहे.

गोळी नियमित घेऊनही टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे हार्मोन, थायरॉक्सिन कमी पडले की ते वाढते) खाली येत नाही, तेव्हा डोस वाढवण्याआधी घराकडे बघावे. गोळी उपाशीपोटी आणि साध्या पाण्यासोबतच घ्यायची. चहा-कॉफी, नाश्ता त्यानंतर अर्धा ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास दूर. बाळंतिणीला तिन्ही गोळ्या आठवणीने एकदमच दिल्या जातात, आणि मग थायरॉइडची गोळी कॅल्शियमशी आतड्यातच बांधली जाऊन वाया जाते.

दुसरी गोष्ट खास नागपूरची. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना शंभर गोळ्यांची डबी फ्रिजच्या डोक्यावर किंवा ओट्यावरच्या फळीवर असते. फ्रिजचा माथा गरम असतो. हे औषध उष्णता, उजेड आणि दमट हवा या तिन्हींनी मंदावते, आणि कूलरच्या दिवसांत दमटपणाही घरातच तयार होतो. डबी मूळचीच ठेवा, झाकण लगेच लावा, घरातल्या सर्वांत थंड खोलीतल्या बंद कपाटात ठेवा. उन्हाळ्यापुरत्या तरी छोट्या डब्या घेतलेल्या बऱ्या. डोस बदलला की रक्त सहा ते आठ आठवड्यांनी तपासावे, त्याआधीचा आकडा फसवतो.

फसवणारे आणखी एक म्हणजे केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या. रोजची गरज जेमतेम 30 मायक्रोग्रॅमची, आणि या गोळ्यांत 5 ते 10 मिलिग्रॅम. तपासणीच्या काही पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि टी-4 (म्हणजे थायरॉक्सिन) खोटे जास्त दिसते, आणि चांगला लागू पडलेला डोस विनाकारण उतरवला जातो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि प्रयोगशाळेत तसे सांगावे. दिवस राहिल्याचे कळले की मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. या काळात डोस बहुधा वाढवावा लागतो, आणि सुरुवातीचे तीन महिने बाळ मुख्यतः आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

पानकोबी-फुलकोबीचा मात्र उगाच बाऊ झाला आहे. शिजवून खा. सोयाबीनचेही तसेच. गव्हात नऊ किलोला एक किलो सोयाबीन घालायला हरकत नाही, फक्त कच्चे दळू नका. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे उकळा, खडखडीत वाळवा, मग दळा. कच्च्या सोयाबीनमधला घटक प्रथिने पचू देत नाही आणि पोट बिघडवतो.

जवस आपल्याकडे चटणीत आहेच, त्यासाठी महागडी पाकिटे कशाला? मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. धूर निघाला की करपले, चटणी कडू. पूर्ण गार झाल्यावर लाल मिरची, लसूण, जिरे, मीठ घालून भरड वाटा. गरम वाटले तर तेल सुटून गोळा होतो. अख्खे जवस खाल्ले तर बहुतेक तसेच बाहेर पडतात. वाटलेले उन्हाळ्यात लवकर खवट होतात, म्हणून आठवड्यापुरतेच करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. भाकरीसोबत दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम पुरेत, वर पाणी भरपूर, आणि थायरॉइडच्या गोळीपासून दूर. यातल्या लिग्नन्स या वनस्पतिजन्य घटकांचा इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखा परिणाम फार सौम्य असतो. पोट साफ राहणे आणि कोलेस्टेरॉल थोडे उतरणे, एवढे खात्रीने सांगता येते. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात जवस-भोपळ्याच्या बिया आणि दुसऱ्यात तीळ-सूर्यफूल, या चक्राला भक्कम पुरावा नाही. खाल्ल्याने नुकसानही नाही.

पीसीओडी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असलेल्या मुलींच्या बाबतीत खरा प्रश्न बहुतेकदा इन्सुलिनचा असतो. वजन जास्त असल्यास ते पाच टक्के उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. त्यासाठी तर्री-पोहे सोडायची गरज नाही. प्लेट अर्धी घ्या आणि वर तेलाचा तवंग घालण्याऐवजी तर्रीतले हरभरे दोन डाव मागून घ्या, सोबत दही. दिवसात दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे 40 ग्रॅम साखर, आधी हात तिथे घाला.

राहिली पावडर. अमेरिकेत ‘थायरॉइड सपोर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या तपासल्या, तेव्हा बहुतेक नमुन्यांत प्रत्यक्ष थायरॉइड हार्मोन निघाले होते. अशी पावडर घेऊन उत्साह वाटला तर तो कशाचा, हे कळायला मार्ग नाही. आपल्याकडे गलगंड आणि मासिक पाळीचे विकार बरे करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने मनाई आहे. आपल्या अंकात घातली जाणारी पत्रके वितरकांनी आधी वाचून घ्यावीत, ही विनंती. वाचकांनी तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात करावी. त्यासाठी पत्रकाचा मूळ कागद, बिल आणि बॅच नंबर असलेले पाकीट जपून ठेवावे. पावडर डब्यात ओतून पाकीट फेकले की तक्रारीला आधार उरत नाही.

आपली,
एक आहारतज्ज्ञ, नागपूर